बौद्धवाडी नकाशात कुठे आहे?

घर बांधायला परवानगी कोण देते? हा साधा प्रश्न आपल्या वस्तीतल्या दहा माणसांना विचारून पाहा. कोणी सरपंचाचे नाव घेईल, कोणी तलाठ्याचे, कोणी आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाचे, कोणी बीडीओचे. दहांपैकी एक-दोन उत्तरे बरोबर निघाली तरी पुष्कळ. ज्या माणसाला दार कुठे आहे हेच ठाऊक नाही तो आयुष्यभर कुंपणाभोवती फिरत राहतो, आणि ज्याला दार ठाऊक आहे तो कुणालाही न विचारता आत जाऊन बसतो. नगररचनेच्या बाबतीत आपल्या समाजाचे नेमके हेच झाले आहे. म्हणून आज आम्ही या रूक्ष वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहोत. विषय रूक्ष आहे, पण डोक्यावरच्या छपराचा आहे.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता आरे-वारेच्या चढावर आला की गाड्या आपोआप थांबतात. मधे डोंगराचा सुळका, त्याच्या दोन्ही अंगांना दोन किनारे, सुरूची झाडे आणि समोर अथांग समुद्र. मुंबई-पुण्याचे पर्यटक तिथे फोटो काढतात. आम्हीही थांबतो, पण आमची नजर समुद्राबरोबरच रस्त्याकडेच्या पाट्यांवरही जाते. समुद्र दिसणारे प्लॉट विकणे आहे, बंगलो प्लॉट, फार्म हाऊस, रिसॉर्टसाठी जागा. या साऱ्या किनारपट्टीवर गेल्या काही वर्षांत जमिनीला जो भाव आला तो आमच्या बापजाद्यांनी स्वप्नातही पाहिला नव्हता. भाव आला म्हणजे बांधकाम आले, बांधकाम आले म्हणजे अर्ज आला आणि अर्ज आला म्हणजे त्यावर निर्णय देणारा कोणीतरी आला. हा निर्णय कसा होतो, हा आमचा आजचा विषय.

अनुभवापासून सुरुवात करतो. याच किनाऱ्यावरच्या एका गावातले आमचे एक वयोवृद्ध धम्मबांधव काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात आले. गाव आरे नव्हे, वारेही नव्हे. तिसरेच आहे आणि त्याचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका गावाचा नाही. त्यांचे बौद्धवाडीतले घर मातीचे. पावसाळ्यात एक भिंत बसली. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने पैसे जमवले आणि जांभ्या चिऱ्याचे, वर स्लॅबचे घर बांधायचे ठरवले. रीतसर अर्ज केला. तो तीन ओळींच्या शेऱ्यासह परत आला. सातबाऱ्यावर अर्जदाराचे नाव नाही. जागेला मंजूर पोहोच रस्ता नाही. जागा गावठाणाबाहेर असल्याने येथून परवानगी देता येत नाही. बाबांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, माझा जन्म त्या घरात झाला, माझ्या बापाचाही तिथेच. मग मी इतकी वर्षे राहतो कुठे?"

त्याच गावात, त्याच सुमारास, वरच्या सड्यावर बाहेरच्या एका गृहस्थाच्या रिसॉर्टला परवानगी मिळाली होती. वाडीत चर्चा एकच, पैसे चारले. आम्हालाही तसेच वाटले. माहितीचा अधिकार वापरून आम्ही दोन्ही फायली मागवल्या. खरे सांगायचे तर आम्ही भ्रष्टाचार शोधायला गेलो होतो. सापडले ते वेगळेच.

रिसॉर्टची फाईल स्वच्छ होती. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, वास्तुविशारदाचे आराखडे, रस्त्याचा दाखला, शुल्काची पावती, सगळे जिथल्या तिथे. आम्ही दोन रात्री ती चाळली, पण न्यायालयात उभे राहता येईल अशी एकही खोट सापडली नाही. एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपली. जागेच्या आजूबाजूचा परिसर दाखवणाऱ्या नकाशात रस्ता होता, विहीर होती, आंब्याची कलमे होती, दगडी गडगाही होता. त्या गडग्याच्या खालच्या अंगाला आपली बौद्धवाडी आहे. माणसे, घरे, विहार, पाखाडी सगळे आहे. नकाशात तिथे कोरा कागद होता. कोणी खोटे लिहिले नव्हते, फक्त वाडी काढलीच नव्हती. ती का नाही, असे विचारण्याचे काम ज्याचे होते असा माणूस त्या सगळ्या प्रक्रियेत कुठेच नव्हता.

आमचे म्हणणे इथूनच सुरू होते. परवानगीच्या पद्धतीत अन्याय व्हायला दर वेळी लाच लागत नाही. ज्याच्याकडे कागद आहे त्याचीच फाईल पूर्ण होते, ज्याची फाईल पूर्ण त्यालाच परवानगी मिळते, आणि कागद कोणाकडे असावा हे शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेलेले आहे. जातीने गावाबाहेर ठेवले, खोतीने जमिनीबाहेर ठेवले आणि आता नियम सांगतात की तुम्ही गावठाणाबाहेर आहात व सातबाऱ्याबाहेर आहात. नियम जात विचारत नाही हे खरे. त्याला विचारायची गरजच उरलेली नाही.

आता कायदा पाहू. आपल्या राज्यात हा सारा व्यवहार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली चालतो. बांधकाम करायचे किंवा जमिनीचा वापर बदलायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. ती कोणाकडून, हे जागा कुठे आहे यावर ठरते. नगरपरिषदेच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण म्हणजे नगरपरिषद. गावठाणाच्या हद्दीत अर्ज ग्रामपंचायतीकडे. गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, जिल्हाधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे महसूल अधिकारी, नगररचना कार्यालयाचा अभिप्राय घेऊन. समुद्रकिनारी याच्यावर आणखी एक कायदा येतो, तो किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे ज्याला सगळे सीआरझेड म्हणतात तो. त्याची पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ ची आणि २०१९ ची.

इथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. नगरपरिषदेत एखाद्या घराची परवानगी नगरसेवक देत नाहीत, सभाही देत नाही. कायद्याच्या कलम १५२ ने हे अधिकार मुख्याधिकाऱ्याकडे दिलेले आहेत. नगररचना विभाग छाननी करतो आणि मुख्याधिकाऱ्याच्या सहीने निर्णय होतो. तेव्हा "साहेब, माझे काम करून द्या" म्हणून नगरसेवकाच्या दारात उभे राहणारा आपला माणूस चुकीच्या दारात उभा असतो. नगरसेवक फोन करू शकतो, सही करू शकत नाही. त्या फोनची किंमत मात्र आपण पाच वर्षे मतांनी चुकवत राहतो.

दुसरी गोष्ट. अर्ज आला की तो कितीही दिवस दाबून ठेवता येत नाही. कलम ४५ प्रमाणे साठ दिवसांत निर्णय कळवला पाहिजे. नाही कळवला आणि बांधकाम नियमांत बसणारे असेल, तर परवानगी मिळाली असे कायदाच मानतो. याला मानीव परवानगी म्हणतात. नकार दिला तर कारणे लेखी द्यावी लागतात. त्या नकाराविरुद्ध कलम ४७ खाली राज्य शासनाकडे चाळीस दिवसांत अपील करता येते. आमच्या वीस वर्षांच्या वकिलीत हे अपील करणारे बिल्डर आम्ही पुष्कळ पाहिले, वाडीतला माणूस एकही पाहिला नव्हता. त्याला "होत नाही" असे खिडकीवर तोंडी सांगितले जाते आणि तो घरी जातो. तोंडी नकाराविरुद्ध अपील होत नाही, हे खिडकीच्या आतल्या माणसाला चांगले ठाऊक असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या कायद्यात शेजाऱ्याला विचारण्याची सोयच नाही. ज्या इंग्रजांकडून आपण नगररचनेची कल्पना घेतली त्यांच्याकडे १९४७ च्या कायद्यापासून बांधकामाच्या परवानगीची आजची पद्धत सुरू झाली. तिथे आज अर्ज आला की परिसरात नोटीस लागते, शेजाऱ्यांना कळवले जाते, त्यांचे म्हणणे मागवले जाते. मोठे किंवा वादाचे अर्ज निवडून आलेल्या सदस्यांच्या समितीपुढे जातात. ती बैठक लोकांसमोर होते. ज्या सदस्याचा त्या जागेत हितसंबंध असेल त्याला तो आधी जाहीर करावा लागतो. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. अपिलाचा हक्क तिथेही अर्जदारालाच आहे, हरकतदाराला नाही. पण निदान शेजारी कोण राहतो हे विचारल्याशिवाय फाईल पुढे जात नाही. आपल्याकडे सड्यावर तीसेक खोल्या उठतात, त्यांचे सांडपाणी उतरणीवरच्या विहिरीकडे येते, आणि खालच्या वाडीला हे पहिला जेसीबी आल्यावर कळते.

मग आपल्याला बोलण्याची जागाच नाही का? आहे. ती अर्जाच्या वेळी नाही, आराखड्याच्या वेळी आहे. शहराचा विकास आराखडा वा प्रदेशाची योजना तयार होते, तेव्हा कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती शेतीसाठी, कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाग, कुठे स्मशान हे ठरते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. शहराच्या आराखड्यासाठी कलम २८ प्रमाणे नियोजन समिती नेमली जाते. प्राधिकरणाचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. हरकतदाराने मागितली तर त्याला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी लागते. या सात जणांत वस्तीतला, वाडीतला कोणी असावा अशी अट कायद्यात नाही. ही आमची तक्रार आहेच. पण सुनावणीला वस्तीतून कोणी जात नाही, ही तक्रार आम्ही कोणाकडे करायची? वर्तमानपत्रात कोपऱ्यात बारीक अक्षरांत नोटीस येते, मुदत ठरलेली असते, ती निघून जाते. पुढची वीस वर्षे त्या आराखड्यावर प्रत्येक अर्जाचा निकाल लागतो. "झोन बसत नाही" हे वाक्य आपण खिडकीवर ऐकतो तेव्हा ते बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिले गेलेले असते, आणि ते लिहिले जात होते तेव्हा आपण तिथे नव्हतो.

स्थानिक संस्थेच्या ठरावाची ताकद काय असते आणि मर्यादा काय असते, हे आंबेडकरी समाजाला नव्याने शिकवायची गरज नसावी. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव इतिवृत्तात राहिला, तळ्याचे पाणी होते तिथेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंच्या साथीने ते पाणी प्राशन केले तेव्हा त्या ठरावात प्राण आला. मग काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. पुढे तळे खाजगी आहे असा दावा सनातन्यांनी न्यायालयात लावला. बाबासाहेब तो दावा दहा वर्षे लढले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. मज्जावाची पुरातन रूढी वादींना सिद्ध करता आली नाही.

आपण २० मार्च दरवर्षी साजरा करतो आणि तो केलाच पाहिजे. पण त्या दहा वर्षांचे काय? कागदपत्रे, साक्षी, तारखा, नगरपालिकेचे ठराव, जमिनीची मालकी यांची ती दहा वर्षे हाही सत्याग्रहच होता. महाडचा अर्धा धडा आपण पाठ केला आणि उरलेला अर्धा वकिलांवर सोडून दिला. रस्त्यावरची लढाई इतिवृत्ताच्या वहीत उतरली नाही तर ती एका ठरावाने पुसली जाते, हे महाडने दाखवून दिले आहे.

आता पुन्हा त्या बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. इतकी वर्षे ते राहत होते कुठे? उत्तर रत्नागिरीच्या इतिहासात आहे. या जिल्ह्यात खोती होती. जमीन खोताची, कसणारा कूळ, आणि आपली माणसे तर कुळाच्याही खालची. घर ज्या जागेवर उभे ती जागाही दुसऱ्याच्या नावे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, त्यात महार आणि कुणबी खांद्याला खांदा लावून चालले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पण खोत गेला तरी सातबारा जागच्या जागी राहिला. आजही कोकणातल्या कितीतरी वाड्यांत घर एकाचे आणि सातबाऱ्यावर दुसऱ्यांची, एकेका उताऱ्यावर दोन-दोन पाने भरतील एवढी नावे अशी स्थिती आहे. त्यातले निम्मे वारलेले, निम्मे मुंबईत. सहमतीचे पत्र आणायचे कोणाकडून?

दुसरी अडचण गावठाणाची. देशावर गाव एका जागी गोळा झालेले असते. कोकणात घरे वाडी-वाडीने विखुरलेली. पुष्कळ गावांत गावठाणाची हद्द आहे ती लहानशी, नाहीतर नीट ठरलेलीच नाही. त्यातही बौद्धवाडी गावाच्या टोकाला, कारण ती तिथेच असावी असा दंडक होता. म्हणजे पूर्वी जातीने आखलेली सीमा आज झोनची सीमा होऊन बसली आहे. २०२० साली ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मालमत्तापत्रक देण्याची स्वामित्व योजना सुरू झाली. चांगली योजना आहे. पण ती गावठाणाची आहे. जी वाडी गावठाणातच धरलेली नाही तिच्यावरून ड्रोन उडून गेला तरी पत्रक मिळत नाही. ज्या माता रमाईंचे माहेर याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले वणंद, त्यांच्या नावाने रमाई आवास योजना चालते. तिच्या घरकुलालाही आधी स्वतःच्या जागेचा कागद लागतो. घर द्यायला सरकार तयार, बांधायला माणूस तयार, अडते ते जमिनीच्या तुकड्यावर.

किनाऱ्याजवळच्या घरांचे दुखणे आणखी निराळे. सीआरझेडच्या नियमांत ग्रामीण किनाऱ्यावरच्या ना-विकास पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही, पण जुन्या 'अधिकृत' बांधकामाची दुरुस्ती वा पुनर्बांधणी आहे त्या जोत्यावर करता येते. हा 'अधिकृत' शब्द वाचताना गुळगुळीत वाटतो. शंभर वर्षे उभ्या असलेल्या घराला तो लागू होतो की नाही हे शेवटी कागदावर ठरते. घरपट्टीची पावती दाखवली तर सांगतात, ही कराची नोंद आहे, मालकीची नाही. कायद्याने ते बरोबरही आहे. पण मग त्या घराकडून आजवर घरपट्टी घेतली ती कशाची?

हे सारे आजच लिहिण्याला कारण आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे काम सुरू आहे, काळबादेवीच्या खाडीवरचा पूल त्याचाच भाग. आरे-वारेचा किनारा त्याच पट्ट्यात येतो. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने अधिसूचना काढून कोकण किनाऱ्यावरच्या सोळाशेहून अधिक गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. म्हणजे ज्या संस्थेत आपण निवडून दिलेला एकही माणूस नाही तिच्या हाती नियोजन. दुसरीकडे राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा २०२२ पासून प्रशासकांच्या ताब्यात होत्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. मधल्या काळात ना सभा होती ना विरोधी आवाज. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बारावे परिशिष्ट जोडले. त्यातला पहिला विषय नगर नियोजन, दुसरा जमिनीचा वापर व इमारतींचे नियमन. परिशिष्टात पहिले स्थान आणि व्यवहारात शेवटचे, अशी या विषयाची अवस्था आहे.

यावर काही मित्र म्हणतात की सगळे अधिकार ग्रामसभेला द्या, प्रश्न मिटेल. आम्ही एवढे भाबडे नाही. खेडे हा लोकशाहीचा आदर्श आहे, ही कल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत धुडकावून लावली होती. त्याआधी १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर ही पंचायत त्यांच्यावरच उलटेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या गावात आजही स्मशानाची वाट अडवली जाते त्या गावाच्या बहुमतावर आम्ही बौद्धवाडीचे घर सोपवणार नाही. पण म्हणून ते मुंबईत बसलेल्या महामंडळावरही सोपवणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. निर्णय कोणीही घेवो, तो उघड्यावर घ्यावा, लेखी कारणांनी घ्यावा, आणि ज्या नकाशावर घ्यायचा त्यात आमची वाडी असली पाहिजे.

आपल्यातही काही कार्यकर्ते वेगळा सल्ला देतात. परवानगी-बिरवानगी काही नको, एका रात्रीत बांधा, निवडणुकीच्या वर्षी नियमित होईल. हा सल्ला देणाऱ्याचे स्वतःचे घर बहुधा परवानगीचे असते. विनापरवाना घर म्हणजे कायमची मानेवरची सुरी. कलम ५२ ने तो गुन्हा आहे, कलम ५३ ने ते पाडता येते. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवारा हा जगण्याच्या हक्काशी जोडलेला आहे हे मान्य केले, पण पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात बुलडोझरला लगाम घातला. पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे ऐकणे, कारणांसह आदेश बंधनकारक केले. मात्र रस्ता, पदपथ, नदी, जलाशय अशा सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. कायदा आपल्याला सवड देतो, घर देत नाही. घरासाठी कागदच करावा लागतो.

तेव्हा काय करायचे? पहिले, बौद्धवाडीतल्या प्रत्येक घराखालच्या जमिनीचा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' रकान्यात काय लिहिले आहे ते वाचा. दुसरे, १९४८ च्या कूळकायद्यात कलम १७-ब आहे. दुसऱ्याच्या जागेवर राहते घर असलेल्या कुळाला त्या घराखालची जागा मिळण्याचा हक्क त्यात आहे. अटींत बसत असाल तर तहसीलदारांकडे अर्ज करा. तिसरे, ग्रामसभेत एकच विषय लावून धरा, वाडी गावठाणात घेण्याचा, म्हणजे गावठाण विस्ताराचा. ठराव मंजूर झाला तर प्रत घ्या, नामंजूर झाला तरी प्रत घ्या. चौथे, प्रत्येक अर्ज आवक क्रमांक घेऊनच द्या, साठ दिवस मोजा, आणि नकार लेखीच मागा. पाचवे, तालुक्यातल्या दोन-तीन शिकलेल्या मुला-मुलींनी एवढेच काम घ्यावे की आराखड्याची कोणती नोटीस निघाली यावर लक्ष ठेवायचे, नकाशा आणायचा, त्यावर आपली वाडी, विहार, विहीर, स्मशान, पाखाडी लाल पेनाने काढायची आणि मुदतीत हरकत द्यायची. यासाठी वकील लागत नाही. बाबासाहेबांनी दिलेले अक्षर पुरते.

शासनाकडे आमची मागणी दोन ओळींची आहे. मोठ्या बांधकामाच्या प्रत्येक अर्जात ठरावीक अंतरातली सर्व वस्ती दाखवणे सक्तीचे करा आणि त्या वस्तीला नोटीस द्या. नियोजन समितीवर अनुसूचित जाती-जमातींचा सदस्य असणे कायद्याने बंधनकारक करा.

आम्ही स्वतःलाही सोडत नाही. पुतळ्याच्या जागेसाठी आपला मोर्चा निघतो, कमानीच्या नावासाठी निघतो आणि तो निघावा. घराच्या जागेसाठी मात्र आपल्याकडून अर्जही निघत नाही. त्या बाबांना आमच्याकडे यायला उशीर झाला होता हे खरे, पण आम्हीही त्यांच्या वाडीत त्याआधी गेलो होतो ते फक्त १४ एप्रिलला आणि वर्षावासाला. नकाशाची गुंडाळी घेऊन एकदाही गेलो नव्हतो.

बाबांचा कलम १७-ब चा अर्ज आम्ही दाखल केला. सुनावणीला ते स्वच्छ पांढरे कपडे घालून येतात, प्रत्येक तारखेला. गेल्या वर्षी त्यांच्या नातीने वाडीचा नकाशा स्वतः काढला, घर नंबरांसकट. पाऊल मोजून काढलेला, प्रमाण चुकलेला, पण सगळी घरे असलेला. आम्ही तो अर्जाला जोडला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, एवढी घरे आहेत तिथे? बाबा म्हणाले, "आहेत साहेब, पहिल्यापासून आहेत."

निकाल अजून लागलेला नाही. पण त्या फाईलमध्ये आता आपली वाडी आहे.

जय भीम!